सूर्य-चंद्र काढलेल्या डब्या

प्रश्न : माझी मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. गणितात हुशार आहे, तरी कॉलेजात कला आणि डिझाइनच शिकणार म्हणते. का, असं विचारलं तर 'मला आवडतं' एवढंच उत्तर. सारखी काहीतरी करत बसलेली असते. आजीचा गोळ्यांचा गोंधळ व्हायचा, तर डब्यांवर सूर्य-चंद्र काढून दिले. अभ्यास टाळायला तर मुलं ही वाट धरत नाहीत ना?

उत्तर : ताई, तुम्ही एका ओळीत उरकलेली डब्यांची गोष्ट मी दोनदा वाचली. आजीचा गोंधळ होतो हे तिला दिसलं आणि कुणी न सांगता तिनं त्यावर उपाय काढला. डिझाइनचं शिक्षण याच सवयीवर उभं असतं. 'मला आवडतं' म्हणताना तिला बहुधा हेच सांगायचं असेल, शब्द सापडत नसतील.

ब्रिटनमधल्या रस्त्यांवरच्या पाट्यांचं उदाहरण देते. १९६५ मध्ये तिथं नव्या पाट्या लागू झाल्या. जॉक किनिअर आणि चेल्सीच्या कला महाविद्यालयातली त्यांची विद्यार्थिनी मार्गारेट कॅलव्हर्ट यांचं हे काम. वेगात असलेल्या चालकाला एका नजरेत काय वाचता येईल, यावर अक्षराचं वळण, दोन अक्षरांमधली जागा, रंग, सगळं ठरवलं गेलं. शाळेजवळच्या पाटीवर आधी मुलगा मुलीला घेऊन जाताना दिसायचा. कॅलव्हर्टनं मोठी मुलगी धाकट्या मुलाला नेताना दाखवली. यात मोजमाप आहे आणि माणसांविषयीचा विचारही. तुमच्या मुलीचं गणित इथं वाया जाणार नाही.

आता तुमची शंका. अभ्यास नको म्हणून इकडे वळणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांची पहिल्या वर्षातच दमछाक होते. एकच वस्तू पुन्हा पुन्हा काढायची, रात्र जागून केलेलं काम भिंतीवर लावायचं, आणि ते का जमलं नाही हे सगळ्या वर्गासमोर ऐकायचं. हे सोसून दुसऱ्या दिवशी नव्यानं सुरुवात करणारी मुलं टिकतात. त्यांना आपल्या हातून काहीतरी घडताना पाहायचं असतं, आणि त्यासाठी ती चुका दुरुस्त करायला तयार असतात.

म्हणून तिच्या गुणपत्रिकेपेक्षा तिच्या वह्या बघा. एकाच कल्पनेचे चार-पाच प्रयत्न त्यात दिसतात का? दिसले तर मी निर्धास्त होईन. खोडलेले, फसलेले कागद टाकून देऊ नका. प्रवेशासाठी पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःच्या कामांचा संग्रह, मागितला तर नुसत्या सुबक चित्रांपेक्षा असा प्रवास जास्त बोलका ठरतो.

एक गोष्ट मात्र तिच्याशी मोकळेपणानं बोला : तिला चित्रकार व्हायचंय की डिझायनर? डिझायनर दुसऱ्याच्या गरजेसाठी काम करतो, त्यामुळे नोकरीची दारं तुलनेनं जास्त असतात. स्वतःची चित्रं रंगवणाऱ्याला बरीच वर्षं शिकवण्यासारखं दुसरं काम जोडीला ठेवावं लागू शकतं. दोन्ही वाटा मोलाच्या आहेत, पण निवडताना हे ठाऊक असावं.

आणि आजींना दुपारची गोळी असेल, तर त्या डबीवर तिनं काय काढलं, ते मला जरूर कळवा.