हात आणि पाठ भरून टॅटू काढायचा आहे. डिझाइन कसं निवडू, आणि पुढे रोजचं जगणं कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की उजव्या मनगटावर एक लहान टॅटू आहे, आता दोन्ही हात आणि पाठ भरून काढायची आहे, आणि सोबत स्पर्धा परीक्षांची तयारीही चालू आहे. माझे दोन्ही हात खांद्यापासून मनगटापर्यंत, अख्खी पाठ आणि एक पोटरी भरलेली आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे दिवसभर लोकांसमोर आणि बहुतेक वेळा अर्ध्या बाह्यांत असते.

आधी परीक्षेचं, कारण तिथे तडजोडीला जागा नाही. सैन्यभरतीत कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि पंज्याची मागची बाजू, एवढ्याच जागी कायमचा टॅटू चालतो. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या प्रथेनुसार सवलत मिळते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची अट आणखी कडक आहे. सॅल्यूट उजव्या हाताने करतात, म्हणून कोपराखाली आतल्या बाजूला टॅटू चालतो तो फक्त डाव्या हातावर, आणि आकार त्या भागाच्या पाव हिश्शाहून लहान हवा. तुमचा मनगटावरचा टॅटूसुद्धा तिथे आड येऊ शकतो. वर्दीची नोकरी मनात असेल तर जाहिरातीतल्या वैद्यकीय अटी आजच वाचा आणि निकाल लागेपर्यंत सुई लावून घेऊ नका.

आता डिझाइन. बहुतेक जण अर्थापासून सुरुवात करतात: आईचं नाव, आवडता श्लोक, जन्मतारीख, मग त्यांना शोभेल असं चित्र. लहान टॅटूला ते चालतं. मोठ्या कामात मात्र आधी जागा, मग आकार आणि शेवटी अर्थ, हा क्रम मी आग्रहाने सांगते. एकेक करून जमवलेली दहा छोटी चित्रं सुटी सुटी कितीही सुंदर असली तरी चार पावलांवरून हात नुसता ठिपकेदार दिसतो. जपानी परंपरेतलं मोठं काम बघा. मुख्य आकृती एकच आणि भव्य, मागे लाटा, वारा, ढग यांची सलग पार्श्वभूमी, आणि कशासोबत काय यायचं याचेही संकेत: सिंहासोबत पिओनीची फुलं, कोई माशासोबत मेपलची पानं. ड्रॅगन उचलायची गरज नाही, ही शिस्त मात्र नक्की उचला.

माझ्या डाव्या हातावर कळलावीची वेल आहे. सह्याद्रीत पावसाळ्यात ती कुंपणांवर, झुडपांवर चढलेली दिसते. तिच्या पानाचं टोकच लांबून गुंडाळतं आणि आधार धरतं. हाताला हे फार छान बसतं, आणि त्याचं कारण शरीररचनेत आहे. तळहात पालथा करा आणि बघा: मनगटाजवळची कातडी जवळजवळ अर्धा फेरा फिरते, कोपराजवळची फारशी हलत नाही. त्यामुळे हाताच्या लांबीत काढलेली सरळ रेघ किंवा काटेकोर भौमितिक नक्षी हात वळवताच पिळवटलेली दिसते. गोल चढत जाणारी वेल त्या पिळात सामावते. म्हणूनच स्टेन्सिल, म्हणजे सुई लावण्याआधी कातडीवर उमटवतात तो डिझाइनचा छाप, लावताना उभं राहा, हात सैल सोडा आणि तो फिरवून आरशात बघा. टेबलावर आडवं पडून लावलेलं स्टेन्सिल उभं राहिल्यावर सरकलेलं दिसतं.

पाठीवर मला सोनकीचं पठार हवं होतं. सोनकीचं फूल इवलंसं, त्याची प्रत्येक पाकळी दाखवायचा हट्ट धरला तर काही वर्षांत सगळं एकमेकांत मिसळतं. शाई त्वचेच्या आतल्या थरात जाते आणि तिथल्या मॅक्रोफेज, म्हणजे बाहेरचे कण गिळून सफाई करणाऱ्या पेशी, तिचे कण गिळून बसतात. पेशी मेली की कण सुटतात आणि दुसरी पेशी ते उचलते; 2018 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी हे उंदरांवर दाखवून दिलं. वर्षं जातात तशा रेषा थोड्या जाड होतात, म्हणून दोन रेषांमध्ये कोरी कातडी सोडावी लागते. शेवटी पुढची मोजकीच फुलं नीट काढली आणि मागे नुसती छटा ठेवली. डिझाइनची चाचणी सोपी आहे: खऱ्या मापात छापून भिंतीवर लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहा. तिथून जे वाचता येत नाही ते अंगावरही टिकणार नाही. बारीक अक्षरांतले श्लोक इथेच बाद होतात.

रंगांबद्दल. शाई आपल्या कातडीच्या रंगद्रव्याखाली असते, त्यामुळे सावळ्या अंगावर पिवळा, पांढरा, फिका गुलाबी हे रंग दबतात आणि पांढरा पुढे पिवळट पडतो. काळा आणि करडा सर्वांत भरवशाचे. कलाकाराला ताज्या कामाचे फोटो मागूच नका. आपल्यासारख्या वर्णावरचं, पूर्ण भरून आलेलं, काही वर्षं जुनं काम मागा. माझ्याकडे गुडघेदुखीसाठी ज्या आज्या येतात त्यांच्या हातावरची तुळस, विंचू, ठिपके अजून लांबून ओळखू येतात. आकार सोपे, मध्ये मोकळी जागा भरपूर. त्या माझा हात धरून सगळं निरखतात, स्वतःचं गोंदण दाखवतात आणि गोंदणारणीच्या आठवणी सांगतात. टॅटूंमुळे पेशंट बिचकतील असं मला बरेच जण म्हणाले होते. या बायकांनी मला जितकं आपलंसं केलं तितकं कुणी केलं नाही.

तरी नजरा असतातच. लोकलमध्ये कुणी न विचारता हात धरतं, लग्नात कुणी मावशी ‘आता हे जाणार कसं गं?’ विचारतात. रोज उत्तर द्यायची तयारी नसेल तर दंड आणि पाठीपासून सुरुवात करा, कोपराखालचा हात, मान आणि पंजे शेवटी. बोटांवरची शाई तशीही लवकर विरते.

शरीराची काळजी मात्र कायमची. उन्हात जाताना सनस्क्रीन लागतंच. टॅटूनंतर 12 महिने रक्तदान करता येत नाही, आणि दर काही महिन्यांनी नवं काम केलं तर ती मुदत पुढे ढकलली जाते. नियमित रक्तदाते असाल तर आधी रक्तदान करून घ्या. तिळांवर शाई नको, तिळात होणारा बदल झाकला जातो. जखमेचे वण फुगून केलॉइड होत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पाऊलच टाकू नका. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली असावी, आणि सुईचं पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फोडलं गेलं पाहिजे. एमआरआयच्या वेळी टॅटू आहेत हे सांगा, काही शायांत लोहाचे कण असतात आणि क्वचित तिथे चटका बसतो.

पाठीचं काम भर पावसाळ्यात टाळा. ओलसर हवेत, घामात खपली भिजत राहते, आणि पालथं झोपणं वेगळंच. दोन बैठकांमध्ये आधीचा भाग पूर्ण भरून येईपर्यंत थांबा. पैसेही एका बैठकीचे एका वेळी द्या. पूर्ण पाठीची रक्कम आधीच मागणारा आणि पुढच्याच आठवड्यात बोलावणारा स्टुडिओ सोडून द्या.