लेक म्हणते, बी मेसॉनवर पीएच.डी. करायची

नमस्कार ताई,

बार्शीहून आलेलं तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. लेक पुण्यात एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे आणि तिला बी मेसॉनच्या ऱ्हासाच्या सैद्धांतिक अभ्यासात पीएच.डी. करायची आहे. तिचे बाबा एसटीत, निवृत्तीला चार वर्षं उरलीत. त्यांचं म्हणणं, बी.एड. करून शाळेला लागावं. तुम्ही विचारता, "हा विषय आहे तरी काय, आणि यावर पोट भरतं का?"

आधी विषय सांगते, कारण लेक रात्रभर कशात बुडालेली असते हे आईला कळायला हवं.

प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्या बारीक कणांचे बनतात ते क्वार्क. मेसॉन म्हणजे क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांची जोडी. बी मेसॉनमध्ये त्यातला एक, बॉटम नावाचा, फार जड असतो आणि दुसरा अगदी हलका. सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातले जेमतेम दीड भाग हा मेसॉन जगतो. मग फुटतो, यालाच ऱ्हास म्हणतात, आणि बहुतेक वेळा बॉटमचा चार्म नावाचा, त्याहून हलका क्वार्क होतो. कोणते तुकडे किती वेळा निघतील याचा हिशोब मांडायचा, हे तुमच्या लेकीचं काम. बॉटम एकटा असता तर हिशोब सोपा होता. पण तो एकटा कधीच सापडत नाही. त्याच्याभोवती हलक्या क्वार्कचा आणि क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑन कणांचा गराडा असतो, आणि हिशोब अडतो तो त्या गराड्यात.

इथे १९८९-९० च्या सुमारास नेथन इसगर आणि मार्क वाइज यांनी एक सुरेख वाट दाखवली. तुम्ही बार्शीकडच्या, म्हणून खळ्याचा दाखला देते. मळणीला बैल तिवड्याभोवती, म्हणजे खळ्याच्या मधल्या खांबाभोवती, फिरतात. तिवडा बाभळीचा की सागाचा, बैलांना त्याचं काही नसतं. तो जागचा हलला नाही म्हणजे झालं. जड क्वार्क हा तिवडा आणि गराडा म्हणजे बैल. बॉटमचा चार्म झाला, पण नवा क्वार्क जागच्या जागी राहिला, तर गराड्याला बदल कळतसुद्धा नाही. तेवढ्या एका ठिकाणी अवघड भाग गळून पडतो आणि उत्तर जवळजवळ नेमकं मिळतं. त्यानंतर तीस-पस्तीस वर्षं जगभरची माणसं त्या "जवळजवळ"च्या दुरुस्त्या काढत आली आहेत. मला हा विषय आवडतो तो याचसाठी: कशाकडे दुर्लक्ष करायचं आणि त्या दुर्लक्षाची किंमत किती, याचाही इथे चोख हिशोब ठेवतात.

आता काळजीचं एक. पत्रात तुम्ही लिहिलंय की लेक म्हणते, "यात नवं भौतिकशास्त्र सापडणार आहे." या वाक्याशी मी जरा थबकले. मार्च २०२१ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या एलएचसीबी प्रयोगाने जाहीर केलं होतं की बी मेसॉनच्या एका दुर्मिळ ऱ्हासात इलेक्ट्रॉन आणि त्याचा जड भाऊ म्युऑन सारख्या प्रमाणात निघत नसल्याचे संकेत मिळालेत. सिद्धांताप्रमाणे ते सारखे निघायला हवेत. खूप गाजावाजा झाला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच गटाने जास्त बारकाईने तपासून सांगितलं की फरक उरला नाही. इलेक्ट्रॉन-म्युऑनचा आणखी जड भाऊ टाऊ, त्याचा एक हिशोब मात्र २०१२ पासून आजही नीट जुळत नाही. तो उद्या जुळेलही. नव्याच्या ओढीने आलेली मुलं अशा वेळी मनाने खचतात. ज्यांना हिशोबच आवडतो ती टिकतात, कारण फरक मिटला तरी त्यांचं आकडेमोडीचं काम वाया जात नाही.

आपली लेक कुठल्या गटातली, हे तिलाच तपासू द्या. दिवाळीच्या सुट्टीत तिने म्युऑनचं आयुष्य कागदावर, पहिल्या ओळीपासून, स्वतः काढावं. उत्तर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या २.२ पट यायला हवं. मग तेच सूत्र बॉटमला लावावं. त्या सूत्रात आयुष्य वस्तुमानाच्या पाचव्या घाताने घटतं. बॉटम म्युऑनच्या सुमारे चाळीसपट जड, म्हणजे आयुष्य दहा कोटी पटींनी कमी. फुटायच्या वाटाही जास्त, म्हणून आणखी नऊ-एक पटींनी कमी. एवढं केल्यावर तिच्या लक्षात येईल की प्रत्यक्षातला बॉटम या उत्तरापेक्षा कित्येक शेपट जास्त जगतो. का? १९८३ मध्ये स्टॅनफर्डच्या प्रयोगांत हे आयुष्य पहिल्यांदा मोजलं गेलं, तेव्हा जाणकारही चकित झाले होते. बॉटमला चार्म होण्याची मुभा फार तोकडी आहे, हे त्याचं कारण. त्या मुभेचा आकडा सुमारे ०.०४, आणि हिशोबात त्याचा वर्ग येतो. हे कोडं तिने चार दिवस उराशी धरलं आणि जेवायला हाक मारल्यावर "थांब गं, एवढं होऊ दे" म्हणाली, तर तिला अडवू नका. दुसऱ्याच दिवशी वही बंद झाली तर तेही उत्तरच आहे, आणि त्यासाठी तिला रागावू नका.

पोटाचं आता स्पष्ट सांगते. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. म्हणजे पीएच.डी.च्या काळात ती तुमच्यावर अवलंबून नसेल. पुढे मात्र पाच-सहा वर्षांची पीएच.डी., मग दोन-दोन, तीन-तीन वर्षांच्या पोस्टडॉकच्या, म्हणजे तात्पुरत्या संशोधकाच्या, नेमणुका, त्यातल्या बऱ्याचशा परदेशात. कायमची जागा मिळते ती साधारण पस्तिशीच्या आसपास, आणि अशा जागा थोड्या. हे तिच्या बाबांपासून लपवू नका. लग्नाचा विषय तुम्ही पत्राच्या शेवटी हळूच काढलाय. त्यावर एवढंच म्हणते की जो मुलगा बघाल त्याला ही परदेशाची वर्षं आधी सांगा.

सैद्धांतिक म्हणजे नुसती कागद-पेन्सिल, असंही नाही. सिद्धांत आकड्यांशी ताडून बघायला संख्याशास्त्र, पायथन, सी प्लस प्लस लागतं, आणि लॅटिसवरची, म्हणजे अवकाश-काळाची जाळी पाडून केलेली, गणितं महासंगणकावर चालतात. एवढं हातात असलं की विषय सोडावा लागला तरी डेटाच्या नोकऱ्यांची दारं उघडी राहतात. तिने आजच प्रोग्रॅमिंगला लागावं.

पीएच.डी.च्या प्रवेशासाठी नेट, गेट, जेस्ट या परीक्षा आणि टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) स्वतःची परीक्षा, सगळ्यांचे फॉर्म भरा. पाया तोच लागतो. शिवाय नेट झालं की सीनियर कॉलेजच्या प्राध्यापकीची पात्रता मिळते, म्हणजे बाबांची शिक्षकी पेशाची इच्छाही याच वाटेवर आहे. बी.एड. चार वर्षांनीही करता येतं. मुंबईची टीआयएफआर आणि चेन्नईची गणितीय विज्ञान संस्था, दोन्हीकडे कणभौतिकीच्या सिद्धांतावर काम चालतं. टीआयएफआरचे लोक जपानमधल्या बेल टू या बी मेसॉनच्या प्रयोगातही आहेत. टीआयएफआरच्या उन्हाळी कार्यक्रमाची, व्हीएसआरपीची, जाहिरात आली की अर्ज भरायला लावा. दीड-दोन महिने तिथे राहून आली की तिची अर्धी शंका फिटेल.

म्युऑनची ती पानं झाली की फोटो काढून मला पाठवायला सांगा. चूक असली तरी चालेल, खोडलेलीही असू देत.