परकं रक्त आणि चौदा महिन्यांची मुलगी

प्रश्न : बाई, तीन वर्षं वाट पाहिल्यावर गेल्या आठवड्यात आम्हाला दत्तकासाठी एका मुलीची माहिती आली. ती १४ महिन्यांची आहे. ४८ तासांत उत्तर द्यायचं होतं, आम्ही पहिल्याच रात्री होकार कळवला. पंधरा दिवसांत तिला भेटायला जायचंय, आणि घरात रोज वाद चाललाय. सासूबाई म्हणतात, परक्याचं रक्त, खाण तशी माती, मोठेपणी काय निघेल कोणी सांगावं. दीर औषध कंपनीत आहेत. त्यांच्या मते बुद्धी साठ टक्के जीन्समध्येच असते, आता हे सिद्ध झालंय. बालवाडी चालवणारी माझी मैत्रीण म्हणते, मूल म्हणजे ओली माती, घडवाल तसं घडेल. मी बी. ए.ला मानसशास्त्र घेतलं होतं. 'निसर्ग की संगोपन' या प्रश्नाला तक्ता काढून दहापैकी आठ गुण मिळवले होते. आज तो तक्ता काही कामाला येत नाही. मुलीच्या अहवालात एक ओळ आहे : 'अनोळखी व्यक्ती दिसल्यास रडते, नेहमीच्या आयाकडेच शांत होते.' ती ओळ मी दिवसातून दहादा वाचते. हा तिचा स्वभाव समजायचा, की तिथल्या राहण्याचा परिणाम?
– एक वाचक, मिरज

उत्तर : त्या ओळीनं तुम्ही घाबरलात. मला ती वाचून हायसं वाटलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

साधारण आठव्या महिन्याच्या आसपास बाळाला परका माणूस कळायला लागतो. तोवर कोणीही उचललं तरी हसणारं बाळ एक दिवस मामाला बघून भोकाड पसरतं. मिरजेतलं बाळ असो की आफ्रिकेतल्या खेड्यातलं, थोड्याफार फरकानं याच वयात हे होतं. ते कोणी शिकवत नाही, आणि वर्ष-दीड वर्षापर्यंत त्याचा जोर असतो. हे झालं निसर्गाचं वेळापत्रक. पण कोणाच्या खांद्यावर गेल्यावर रडू थांबतं, हे कुठल्याही जीनमध्ये लिहिलेलं नसतं. ते त्या आयानं मिळवलंय, रात्री उठून, दुपटी बदलून, ताप आला की कडेवर घेऊन फेऱ्या मारून. तुमच्या ओळीच्या पहिल्या अर्ध्यात निसर्ग आहे, दुसऱ्या अर्ध्यात संगोपन, आणि मध्ये नुसता एक स्वल्पविराम.

निवृत्तीनंतर काही वर्षं मी दर गुरुवारी एका शिशुगृहात जात असे. तिथे वर्षाचा एक मुलगा होता. मी दारातून आत आले की तो आयाच्या पदरात तोंड खुपसायचा आणि पदराच्या कडेनं एकच डोळा बाहेर ठेवून माझ्याकडे बघत राहायचा. मी काही करत नसे, चटईवर बसून किल्ल्यांचा जुडगा समोर ठेवत असे. पाचव्या गुरुवारी एक हात पदराबाहेर आला आणि किल्ल्या आत गेल्या. सहाव्या गुरुवारी तो स्वतः रांगत आला. आया दोन हात अंतरावर कपड्यांच्या घड्या घालत होती. दर दोन मिनिटांनी मान वळवून ती तिथेच आहे ना, एवढं तो बघून घेत होता.

जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञानं सांगितलं ते हेच. कोणाला तरी बिलगण्याची तयारी घेऊन प्रत्येक बाळ जन्माला येतं. कोणाला बिलगायचं, हे रोजच्या सहवासातून ठरतं. काळजी वाटावी ती वेगळ्या मुलांची. १९८९नंतर रोमानियातल्या अनाथालयांमधून इंग्लंडमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा बालमनोविकारतज्ज्ञ मायकल रटर यांच्या गटानं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. सहा महिन्यांच्या आत आलेली मुलं बहुतेक इतरांसारखीच वाढली. त्या भयंकर संस्थांमध्ये जास्त काळ काढलेल्यांपैकी काही मुलं मात्र कोणाही परक्या माणसाचं बोट धरून चालू लागत. त्यांना आपलं आणि परकं असं काही उरलंच नव्हतं. तुमच्या मुलीला ते आहे. एका माणसावर जीव लावायला ती शिकली आहे, आणि जी एकदा शिकली ती पुन्हा लावू शकते. तरी भेटीला जाल तेव्हा एका आयाकडे किती मुलं असतात, हे विचारून घ्या. त्याचा फरक पडतो.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांना एक खरी हकीकत वाचून दाखवा, अशी माझी विनंती आहे. १९२४ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात व्हिव्हियन नावाची मुलगी होती, सात-आठ महिन्यांची. तिची आजी 'मंदबुद्धी' ठरवून संस्थेत ठेवलेली. आई, कॅरी बक, लहानपणापासून परक्या घरी वाढलेली. त्याच घरच्या एका नातलगाच्या अत्याचारातून तिला दिवस गेले आणि मग तिलाही त्याच संस्थेत टाकलं. कॅरीची सक्तीनं नसबंदी करता येईल का, असा खटला चालला. समाजसेविकेनं साक्ष दिली की बाळाच्या चेहऱ्यात काहीतरी आहे, ते अगदी नॉर्मल वाटत नाही. १९२७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतानं परवानगी दिली. न्यायमूर्ती होम्स यांनी निकालात लिहिलं की मूढांच्या तीन पिढ्या पुरेशा झाल्या. त्यातली तिसरी पिढी म्हणजे ते बाळ.

व्हिव्हियन पुढे शाळेत गेली. १९३१च्या वसंतात तिचं नाव शाळेच्या गुणवंतांच्या यादीत होतं. पुढच्याच वर्षी आजारानं ती वारली, आठ वर्षांची होती. रक्तावरून माणूस ओळखण्याच्या या विद्येला सुप्रजननशास्त्र म्हणत. 'युजेनिक्स' हे तिचं इंग्रजी नाव १८८३मध्ये फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकानं दिलं, आणि 'निसर्ग आणि संगोपन' ही जोडी मानसशास्त्रात रुजवली तीही त्यानंच. मी शिकवताना गाल्टनची व्याख्या लिहून देत असे. व्हिव्हियनबद्दल एकदाही बोलले नाही, याचं मला आज वाईट वाटतं.

मैत्रिणीची ओली माती मला मनापासून आवडते, पण तीही आईला सुखानं जगू देत नाही. १९२०च्या दशकात जॉन वॉटसन या वर्तनवादी, म्हणजे माणूस शिकण्यातूनच घडतो असं मानणाऱ्या, मानसशास्त्रज्ञानं लिहिलं होतं की मला डझनभर निरोगी बाळं द्या, त्यातलं कुठलंही उचलून मी त्याला डॉक्टर, वकील, चित्रकार, हवं तर भिकारी किंवा चोरसुद्धा करून दाखवीन. पाठ्यपुस्तकं एवढंच छापतात. आपण हातातल्या पुराव्याच्या पुढे जातोय हे कबूल, पण विरुद्ध पक्षही हजारो वर्षं तेच करत आलाय, असं त्यानं लगेच पुढे म्हटलं होतं. ते वाक्य मुलांपर्यंत पोचत नाही.

घडवणारी आईच असेल तर बिघडवणारीही तीच ठरते. स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांच्या माता थंड काळजाच्या असतात, असं विसाव्या शतकाच्या मध्यावर मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते. १९७७मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकाच बीजाच्या, म्हणजे हुबेहूब दिसणाऱ्या, ११ जोड्यांपैकी चारमध्ये दोन्ही भावंडं स्वमग्न होती, वेगळ्या बीजाच्या दहापैकी एकाही जोडीत नव्हती. आनुवंशिकतेच्या या पुराव्यानं त्या मातांच्या डोक्यावरचा आरोप उतरायला मोठी मदत झाली. म्हणून जीन्सचं नाव निघालं की दचकू नका. तो शोध काही मातांना माफीपत्रासारखा आला होता.

दिरांचा आकडा हवेतला नाही, पण तो लावला चुकीच्या जागी जातोय. 'साठ टक्के' हे माणसामाणसांतल्या फरकाबद्दल असतं, एका मुलीच्या बुद्धीच्या वाटणीबद्दल नसतं. वसतिगृहातल्या सगळ्या मुलांना एकच जेवण, एकच शिकवणी, एकच झोप मिळाली, तर त्यांच्यात उरलेला फरक जवळजवळ सगळा आनुवंशिक निघेल. शेजारच्या वस्तीत एकाला दूध मिळतं आणि दुसऱ्याला नुसती पेज, तिथे तोच आकडा खाली येईल. जीन्स कुठे बदलली? मानसशास्त्रज्ञ एरिक टर्कहायमर यांना २००३मध्ये अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांमध्ये असंच दिसलं. सुस्थितीतल्या घरांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा, फार गरीब घरांत जवळपास शून्य. युरोपातल्या अभ्यासांत इतका ठळक फरक सापडला नाही, हेही दिरांना सांगा.

तुमच्यासाठी माझ्या मते सगळ्यात मोलाचा अभ्यास जुना आहे, १९४९चा, आयोवा राज्यातला. मेरी स्कोडाक आणि हॅरोल्ड स्कील्स यांनी तान्हेपणी दत्तक गेलेल्या १०० मुलांना किशोरवयापर्यंत पुन्हापुन्हा तपासलं. ज्या ६३ जन्मदात्या मातांची चाचणी झाली होती त्यांचा सरासरी बुद्धिगुणांक ८६ च्या आसपास, आणि मुलांचा त्याच चाचणीवर १०६. वीस गुणांची झेप! पण कोणतं मूल पुढे आणि कोणतं मागे, हा क्रम लावला तर तो दत्तक आईशी जुळेना, जन्मदात्या आईशी बऱ्यापैकी जुळे. आख्खी रांग वर चढली, रांगेतले नंबर मात्र बरेचसे जुनेच राहिले. या आकड्यांवर पुढे खूप काथ्याकूट झाला, पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे मला इतकं स्पष्ट दुसऱ्या कुणी दाखवलेलं नाही. तुमचं घर तिला उचलेल. ती कोणाहून हुशार, कशात रमणारी, किती तापट, यातलं बरंच ती सोबत घेऊन येईल.

राहिला तक्ता. तो मीही २९ वर्षं फळ्यावर काढला : एका टोकाला जैविक दृष्टिकोन, दुसऱ्या टोकाला वर्तनवाद, मध्ये बाकीचे. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड उपजत प्रेरणाही मानत होता आणि पहिल्या पाच-सहा वर्षांवर सारा भारही टाकत होता. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या पियाजेच्या मते मूल वस्तू आपटून, तोंडात घालून स्वतःच शिकतं, पण त्या त्या वयाची तयारी झाल्यावर. रकाने आम्ही शिक्षकांनी पाडले, तपासायला सोपे जातात म्हणून.

ती बुजरी असेल का, हे १४व्या महिन्यात मी सांगू शकत नाही आणि कोणी सांगितलं तर ऐकू नका. असलीच, तर अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या दाम्पत्यानं न्यूयॉर्कमध्ये १९५६पासून केलेलं काम आठवा. हळूहळू रुळणारी मुलं त्यांनी वेगळी ओळखली होती. अशा मुलाचं पुढे कसं होतं, हे त्याचा स्वभाव आणि घराची अपेक्षा यांचा मेळ बसतो का, यावर पुष्कळ अवलंबून दिसलं. पाहुणे आले की 'जा, पाया पड' असा लकडा न लावणारं घर तिला हवं.

भेटीला जाल तेव्हा हात पुढे करू नका. खाली बसा, ती आयाच्या कडेवरच असू दे, तुम्ही आयाशी गप्पा मारा. ती कशी झोपते, थोपटून की मांडीवर, कोणतं गाणं लागतं, खिमटी पातळ आवडते का घट्ट, सगळं विचारा. सासूबाईंना बरोबर न्या. गाणं त्यांना पाठ करू द्या. ती झोपताना घेते ते दुपटं मागून घ्या आणि घरी आणल्यावर लगेच धुऊ नका, त्याला ओळखीचा वास असतो.

आणि त्या आयाचं नाव लिहून घ्या. अहवालात ते नसेल. तुमची मुलगी एक दिवस विचारेल.