खुब्याचं लॅब्रम मृत दात्याच्या टिश्यूपासून नवं बनवायला सांगितलं आहे. करून घ्यावं का? शरीर ते नाकारेल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ३६, दीड वर्षापूर्वी दुर्बिणीतून लॅब्रम शिवून घेतलं, आठ महिने बरे गेले आणि दुखणं परत आलं. आता न्यू जर्सीतले डॉक्टर म्हणतात की खराब झालेलं लॅब्रम काढून तिथे दात्याच्या टिश्यूचं नवं बसवू. शरीर ते नाकारेल, आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतील, ही तुमची धास्ती. आणि कोल्हापूरहून आई सांगते आहे, "मेलेल्या माणसाचं काही अंगात घालून घेऊ नकोस."

मी डॉक्टर नाही. पण याच वाटेने गेले आहे. २०१९ साली माझ्या डाव्या खुब्याचं लॅब्रम शिवलं होतं. २०२१च्या ऑक्टोबरात त्याच खुब्यात दात्याचा ग्राफ्ट, म्हणजे लॅब्रमच्या जागी लावायचा टिश्यूचा तुकडा, बसवला. माझं मत आधीच सांगते: ग्राफ्ट कुणाचा आहे, ही या निर्णयातली सगळ्यात कमी काळजीची गोष्ट आहे. पहिली शस्त्रक्रिया का फसली, याचं स्पष्ट उत्तर मिळाल्याशिवाय मात्र दुसरीला हो म्हणू नका.

आधी लॅब्रम म्हणजे काय ते, कारण मला स्वतःला ते पहिल्या शस्त्रक्रियेनंतरही नीट कळलं नव्हतं. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. त्या वाटीच्या काठावर रबरासारख्या चिवट कूर्चेची कडी असते, ती लॅब्रम. मला ते उमगलं कुकरच्या रिंगवरून. रिंग चिरली की कुकर तोच, गॅस तोच, पण वाफ धरत नाही. लॅब्रम सांध्यातलं वंगण आत धरून ठेवतं आणि गोळ्याला वाटीत ओढून ठेवतं. ते फाटलं की गोळा सूक्ष्म हलू लागतो आणि आतली गुळगुळीत कूर्चा झिजायला लागते. लॅब्रमला संवेदना भरपूर आणि रक्तपुरवठा तुटपुंजा, म्हणून दुखतं फार आणि भरून येतं कमी.

पण लॅब्रम आपणहून क्वचितच फाटतं. माझ्या बाबतीत गोळ्याच्या मानेवर हाडाचा एक फुगवटा होता, ज्याला कॅम म्हणतात. मांडी घालून बसलं, उकिडवं बसलं, गाडीच्या खोल सीटमध्ये शिरलं की तो फुगवटा वाटीच्या काठावर आपटायचा आणि मध्ये लॅब्रम चेंगरायचं. हाडांची ही अशी टक्कर हेच तरुण वयातल्या खुबेदुखीचं एक मोठं कारण आहे, हे स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या राइनहोल्ड गांझ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलं. त्याआधी फाटलेलं लॅब्रम कापून टाकायचं, एवढंच बहुतेक ठिकाणी चालायचं.

पहिल्या वेळी माझं लॅब्रम शिवलं, फुगवटाही घासला, पण पुरेसा घासला नाही. त्या रुग्णालयात मला सगळं उत्तम झाल्याचं सांगितलं गेलं. दहा महिन्यांनी जांघेतलं टोचणं परत सुरू झालं तेव्हा "फिजिओ वाढवा" हेच उत्तर मिळत राहिलं. वर्ष गेलं त्यात. दुसऱ्या डॉक्टरांनी त्रिमितीय सीटी स्कॅन काढला आणि उरलेला फुगवटा पडद्यावर फिरवून दाखवला. मी रडले, कारण वर्षभर मला वाटत होतं की माझ्याच व्यायामात काही कमी पडतं आहे. नंतर वाचलं की खुब्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया दुसऱ्यांदा करावी लागण्याचं सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच आहे: पहिल्या वेळी राहून गेलेलं हाड.

म्हणून तुमच्या डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा. हाड राहिलं आहे का? वाटी मुळात उथळ आहे का? वाटी फारच उथळ असेल तर नुसतं लॅब्रम बदलून भागत नाही, वाटीच कापून फिरवण्याची मोठी शस्त्रक्रिया लागू शकते. आणि कूर्चा किती शिल्लक आहे? एक्स-रेमध्ये दोन हाडांमधली जागा २ मिलिमीटरपेक्षा कमी राहिली असेल तर लॅब्रम कितीही सुंदर बसवलं तरी निकाल चांगला लागत नाही. तिथे सरळ सांधा बदलण्याबद्दल बोललेलं बरं.

आणखी एक. दुखणं खरंच सांध्याच्या आतलं आहे ना, हे तपासून घ्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ज्यांचा खुबा अजिबात दुखत नव्हता अशा ४५ जणांचे एमआरआय काढले, तर ६९ टक्के जणांचं लॅब्रम फाटलेलं निघालं. म्हणजे एमआरआयमध्ये चीर दिसली एवढ्यावरून तीच दुखते आहे असं होत नाही. माझ्या डॉक्टरांनी आधी सांध्यात भूल देणारं इंजेक्शन दिलं आणि जिना चढायला लावला. दुखणं दोन-तीन तास पूर्ण गेलं, तेव्हा कुठे त्यांनी शस्त्रक्रियेची गोष्ट काढली.

आता ग्राफ्टकडे येते. लॅब्रम नव्याने घडवण्याचं तंत्र दुर्बिणीतून करता येतं हे इथेच कोलोरॅडोत, व्हेल नावाच्या डोंगरी गावात काम करणाऱ्या मार्क फिलिपॉन यांनी २०१० साली मांडलं. त्यांनी रुग्णाच्याच मांडीच्या बाहेरच्या बाजूचा जाड पांढरा पट्टा वापरला. त्यात टिश्यू स्वतःचा असतो, पण मांडीवर वेगळी चीर येते आणि ती जागा बरेच दिवस दुखते. दात्याचा टिश्यू घेतला तर ती चीर वाचते, वेळ वाचतो, आणि हवी तेवढी लांबी, हवी तेवढी जाडी मिळते. दात्याचा घेतात तोही बहुधा हाच मांडीचा पट्टा, नाहीतर पायातला एखादा स्नायुबंध. तो गुंडाळून, टाके घालून पाच-सहा मिलिमीटर जाडीची दोरी वळतात आणि वाटीच्या काठावर छोट्या खिळ्यांसारख्या अँकरनी बांधतात. माझी दोरी ९ सेंटिमीटरची होती. स्वतःचा आणि दात्याचा, दोन्हींचे आतापर्यंतचे निकाल साधारण सारखेच आहेत, असं मला दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी सांगितलं.

नाकारण्याबद्दल. मूत्रपिंड किंवा यकृत बसवतात तेव्हा ते जिवंत पेशींनी भरलेलं असतं, म्हणून शरीर त्याच्याशी झगडतं आणि आयुष्यभर गोळ्या लागतात. हा पट्टा मुख्यतः कोलॅजनचा, म्हणजे धाग्यांचा बनलेला. धुऊन, प्रक्रिया करून, गोठवून ठेवलेला. त्यात झगडण्यासारखं फार काही उरत नाही. तुमच्या पेशी हळूहळू त्या धाग्यांवर चढतात, वेल मांडवावर चढतो तशा. रक्तगट जुळवावा लागत नाही, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या लागत नाहीत. मी एकही घेतलेली नाही.

जंतुसंसर्गाची भीती मात्र मलाही होती आणि ती निराधार होती असं म्हणणार नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री मी वाचत बसले आणि मिनेसोटातली २००१ची गोष्ट सापडली. २३ वर्षांच्या एका मुलाच्या गुडघ्यात दात्याचा हाड-कूर्चेचा तुकडा बसवला होता. त्यात क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू होते आणि तो काही दिवसांत गेला. साधी, नेहमीची शस्त्रक्रिया होती. मला झोप लागली नाही. पण पहाटेपर्यंत पुढचंही वाचलं. सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने त्या प्रकरणाचा कसून तपास केला आणि २००५ पासून अमेरिकेत दात्यांचा टिश्यू साठवणाऱ्या टिश्यू बँकांना एफडीए या सरकारी अन्न-औषध नियामकाचे बरेच कडक नियम लागू झाले. दात्याचा वैद्यकीय इतिहास, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी (कावीळ), सिफिलिस यांच्या चाचण्या, जंतूंची तपासणी, प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र क्रमांक. धोका शून्य झाला असं कुणी म्हणणार नाही, पण तो फार कमी आहे. तुम्ही एवढं विचारा की ग्राफ्ट कुठल्या बँकेचा आहे आणि त्या बँकेला अमेरिकन असोसिएशन ऑफ टिश्यू बँक्सची मान्यता आहे का. आणि शस्त्रक्रियेच्या अहवालासोबत ग्राफ्टच्या क्रमांकाची प्रत मागून घ्या. तो क्रमांक माझ्या फाइलमध्ये जपून ठेवला आहे.

तुमच्या आईंबद्दल. माझी आई साताऱ्याहून नेमकं हेच म्हणाली होती, आणि तिला विज्ञान समजावून काही उपयोग झाला नाही. पण आमच्या आजीचं नेत्रदान केलं होतं आणि तो निर्णय आईनेच घेतला होता, घरातल्या दोघांचा विरोध पत्करून. मी त्याचं नावही काढलं नव्हतं. दोन दिवसांनी तिचाच फोन आला. म्हणाली, "आपण डोळे दिले तेव्हा, ते घेणाऱ्याच्या आईनेही असंच काही म्हटलं असेल का गं?" त्यानंतर तिने कधी विषय काढला नाही. तुमच्या घरी हेही सांगता येईल की हे काही अमेरिकेतलंच खूळ नाही. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक १९८८ पासून दात्यांचं हाड आणि इतर टिश्यू गॅमा किरणांनी निर्जंतुक करून रुग्णांसाठी देते आहे. भारताच्या अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४च्या कायद्यात २०११च्या दुरुस्तीने 'टिश्यू' हा शब्दही घातला गेला.

शस्त्रक्रियेचं फार सांगत नाही. पूर्ण भूल होती, पाय यंत्राने ओढून गोळा वाटीपासून थोडा दूर केला, तीन छोटी छिद्रं. पाय ताणून ठेवल्यामुळे आणि छिद्रांच्या जागेमुळे मांडीची बाहेरची बाजू बधिर राहू शकते. माझी चार महिने होती, घाबरू नका. त्याच दिवशी घरी सोडलं.

खरी परीक्षा घरी आल्यावर होते आणि तिची तयारी आधी करा. मला सहा आठवडे कुबड्या होत्या. पाऊल जमिनीवर सपाट टेकवायचं, पण वीस पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण नऊ किलोंपेक्षा जास्त भार द्यायचा नाही. फिजिओने बाथरूमचा वजनकाटा पुढ्यात ठेवून त्यावर पाऊल दाबायला लावलं, नऊ किलो म्हणजे किती हे पायाला कळेपर्यंत. ग्राफ्ट सांध्याच्या आवरणाला चिकटू नये म्हणून नवरा रोज दोन वेळा माझा पाय दोन्ही हातांत धरून सावकाश गोल फिरवायचा. नको तिथे हाड वाढू नये म्हणून तीन आठवडे नॅप्रॉक्सेन या सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या. झोपायचं फक्त पाठीवर. तुमच्याकडे लहान मूल असेल तर पहिले दोन महिने उचलून घेता येणार नाही, तेव्हा कुणीतरी घरी राहायला येणं फार गरजेचं आहे. माझी आई आली होती, तिच्याशिवाय मला जमलं नसतं.

तिसऱ्या महिन्यात मन खचलं. दुखणं कधी पुढे, कधी मागे, आणि प्रत्येक वेळी वाटायचं की हाही ग्राफ्ट गेला. तो काळ जवळजवळ सगळ्यांना येतो असं फिजिओ म्हणाली होती, आणि तो गेला. सहाव्या महिन्यात तासभर सपाटीवर चालू लागले. वर्षाने डोंगर चढले, हळूहळू. आता जमिनीवर मांडी घालून दहा-पंधरा मिनिटं बसता येतं, सत्यनारायणाला मात्र खुर्ची घेते. मराठी मंडळाच्या मंगळागौरीत गाणी म्हणते, झिम्मा खेळते, फुगडी सोडली. रात्री कूस बदलताना आता जाग येत नाही, आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट ती आहे.

विम्याकडे लवकर बघा. काही कंपन्या या शस्त्रक्रियेला अजूनही प्रायोगिक म्हणून नकार देतात. मला पहिल्यांदा नकार आला होता. डॉक्टरांनी सीटीची चित्रं आणि पहिल्या शस्त्रक्रियेचा अहवाल जोडून अपील केलं, सात आठवड्यांनी मंजुरी आली. तारीख ठरवण्याआधी लेखी मंजुरी हातात असू द्या.

इथे टिश्यू घेणाऱ्याला दात्याच्या कुटुंबाला पत्र लिहिता येतं. नाव-गाव न लिहिता ते बँकेमार्फत जातं आणि उत्तर देणं न देणं कुटुंबाच्या मर्जीवर असतं. मी सातव्या महिन्यात लिहिलं. काय लिहावं सुचेना, म्हणून एवढंच लिहिलं की आज मी काठीशिवाय घराजवळच्या तळ्याला एक फेरी मारली आणि ती फेरी तुमच्या माणसामुळे झाली. उत्तर आलेलं नाही. आलंच पाहिजे असं मला वाटत नाही.

सीटी झाला की त्यात काय निघालं ते इथेच कळवा. आणि तुमच्या आईंना बोलावंसं वाटलं तर माझी आई सध्या साताऱ्यातच आहे. मी तिला विचारलं, ती म्हणाली दुपारी चारनंतर कधीही फोन करू देत. नंबर मेसेजमध्ये पाठवते.