लेखिका व्हायचं तर माइक धरावाच लागेल का?

प्रश्न : मी वाशीच्या मसाला मार्केटला माथाडी कामगार आहे. गाव पाटण तालुक्यात, राहायला कोपरखैरणे. मोठी मुलगी ठाण्याच्या कॉलेजात टी.वाय.बी.कॉम.ला आहे. तिने दीडशे पानांची कादंबरी लिहून पूर्ण केली आहे. नोकरी करणार नाही, स्वतंत्र लेखिका होणार म्हणते. एक प्रकाशक ८५ हजारांत २०० पुस्तकं छापून देतो म्हणाला. त्यात आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाचे, ५ हजार आणि प्रकाशन समारंभाचे १५ हजार धरलेत. तोच म्हणाला, हल्ली लेखकाला बोलता आलं पाहिजे, नाहीतर पुस्तकं घरात पडून राहतात. ही तर कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत भाषण विसरून मध्येच खाली उतरली होती, तेव्हापासून माइकचं नाव काढत नाही. ओळखीच्या एकाने स्टेज डेअरिंगचा क्लास सुचवलाय, फी २८ हजार. क्लास लावू, पुस्तक छापू, की हे सगळं बाजूला ठेवून तिला बँकेच्या परीक्षेला बसवू?
— एक पालक, कोपरखैरणे

उत्तर : नमस्कार. सगळ्यात आधी, दोन्हीकडचे पैसे खिशातच ठेवा.

प्रकाशकाचा हिशेब बघू. ८५ हजारांतून समारंभ आणि आयएसबीएन वजा केले की ६५ हजार उरतात. २०० प्रतींना भागा, एक प्रत सव्वातीनशेला पडते. दीडशे पानांच्या मराठी पेपरबॅकवर आज दोनशे-अडीचशे किंमत छापलेली असते. म्हणजे शेवटची प्रत विकली गेली तरी तुम्ही तोट्यातच. आणि आयएसबीएनला आपल्याकडे एक रुपयाही लागत नाही. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची केंद्र सरकारची एजन्सी तो क्रमांक मोफत देते, अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही तो मिळतो. फुकट मिळणाऱ्या गोष्टीचे पाच हजार लावणारा माणूस बाकीच्या रकमेत काय करत असेल, ते मार्केटमध्ये उभी हयात काढलेल्या तुम्हाला मी काय सांगू!

मात्र लेखकाला बोलता आलं पाहिजे हे त्याचं म्हणणं निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्यामुळे तुम्ही घाबरला आहात.

अडत म्हणजे काय ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. पुस्तकाच्या धंद्यातही ती असते, फक्त नाव कमिशन. समजा, मुलीने पुस्तक स्वतः काढलं, छपाई प्रतीमागे १०० रुपये पडली आणि किंमत २५० ठेवली. दुकानदार आणि वितरक मिळून ४० ते ५० टक्के घेतात. तिच्या हाती १२५ ते १५० येतात, छपाई जाऊन २५ ते ५० उरतात. त्यातूनच अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठाचा खर्च निघायचा, तोही पैसे वेळेवर आले तर. तीच प्रत एखाद्या वाचनालयात तीस माणसांसमोर दहा मिनिटं वाचून झाल्यावर बाजूच्या टेबलावर सवलतीत २०० ला दिली, तर १०० उरतात, रोख. शिवाय घेणाऱ्याचा चेहरा दिसतो. स्वतंत्र लेखकाच्या बोलण्यामागचं गणित एवढंच आहे. प्रकाशक नसला की पुस्तकाबद्दल बोलायला दुसरं कोणी नसतं.

न बोलणारे मोठे लेखक झालेच की, असं कुणी म्हणेल. जी. ए. कुलकर्णी सभा-संमेलनांपासून आयुष्यभर लांब राहिले. पण धारवाडला त्यांची प्राध्यापकी होती, म्हणजे दर महिन्याचा पगार होता, आणि पुस्तकं काढायला नावाजलेले प्रकाशक होते. माणसांशी त्यांचा संबंध पत्रांतून राहिला, आणि पत्रं त्यांनी भरपूर लिहिली. हा मार्ग तुमच्या मुलीला बंद नाही, पण त्यात नोकरी येते, हे तिने लक्षात घ्यावं. दुसरीकडे शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर ही मंडळी. तिघांनी गावोगाव कथाकथन केलं, आणि पुस्तक विकत न घेणाऱ्या माणसालाही त्यांच्या गोष्टी माहीत झाल्या. ते काही गर्जना करणारे वक्ते नव्हते. स्वतः लिहिलेली गोष्ट स्वतःच्या आवाजात सांगत होते.

वक्तृत्व स्पर्धेत झालं ते विसरा. या स्पर्धांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. ‘आदरणीय व्यासपीठ, परीक्षक आणि माझ्या बालमित्रांनो’ इथून सुरू होणारं, सरांनी लिहून दिलेलं, हातवाऱ्यांसकट घोकलेलं भाषण एका वाक्यावर अडलं की पुढचं सगळं जातं, कारण त्यात मुलाचं स्वतःचं काही नसतंच. अशा भाषणात अडकलेली मुलगी बोलू शकत नाही, असा निष्कर्ष निघत नाही. स्टेज डेअरिंगच्या बहुतेक क्लासांत पुन्हा तेच शिकवतात, फक्त फी जास्त. शिकायचंच असेल तर ठाणे-नवी मुंबईत टोस्टमास्टर्सचे क्लब आहेत. तिथे पाच-सात मिनिटांचं भाषण घड्याळ लावून करायचं असतं, आणि तुम्ही किती वेळा ‘अं… अं…’ केलंत ते मोजायला एक माणूस बसवलेला असतो. या क्लासपेक्षा खर्च कितीतरी कमी. पण माझ्या मते तिला सध्या त्याचीही गरज नाही.

पुढचा भाग मुलीला वाचायला द्या.

तुला भाषण करायचं नाहीये. तुला वाचायचंय. हातात कागद असलेला माणूस विसरत नाही. कादंबरीतलं एक प्रकरण निवड, पहिलंच असायला हवं असं नाही. ज्यात दोन माणसं बोलतायत आणि काहीतरी बिनसतंय, असं. पुस्तकाच्या पानावरून वाचू नकोस, वेगळी प्रत काढ. अक्षर १६ पॉइंटचं, ओळींत दुप्पट जागा, कागदाच्या एकाच बाजूला छपाई. पान वाक्याच्या मध्ये तुटू देऊ नकोस. वाक्य संपेल तिथेच पान संपव, म्हणजे पान उलटताना मिळालेली उसंत ऐकणाऱ्याला मुद्दाम घेतल्यासारखी वाटते. जिथे श्वास घ्यायचा तिथे पेन्सिलीने उभी रेघ मार. मोबाइलवर रेकॉर्ड करून वेळ मोज. दहा मिनिटं म्हणजे मराठीत साधारण हजार शब्द, घाबरलेल्या माणसाला सातच मिनिटं लागतात. कागद सुटे ठेवू नकोस, वाचनालयातले पंखे जोरात असतात. माइक तोंडापासून चार बोटं लांब, हनुवटीच्या पातळीत. आणि आधीच्या वक्त्याने तो वाकवून ठेवला असेल तर सुरुवात करण्याआधी शांतपणे नीट कर. ते दहा सेकंद कुणाला खटकत नाहीत.

हे सगळं विक्रीसाठीच, असं समजू नकोस. मोठ्याने वाचलं की लिखाणाचं पितळ उघडं पडतं. डोळ्यांनी दहा वेळा वाचून गोड वाटलेलं वर्णन जिभेवर आलं की जड होतं. संवाद खोटा असेल तर पहिलं तुझंच तोंड अडखळतं. आणि लोक ऐकताना कुठे खुर्चीत हलले, कुठे कुणी मोबाइल काढला, कुठे अनपेक्षित हसले, हे घरी येऊन त्याच कागदावर टिपून ठेवलंस तर पुढच्या खर्ड्याला त्यासारखा संपादक नाही. तू ज्या भाषेत लिहितेस ती बहुधा आजीच्या तोंडून आलेली असणार. ती कानावर पडली तरच तिची परीक्षा होते. म्हणून छापण्याआधी वाच, छापल्यानंतर नव्हे. सुचणं आणि बोलणं ही दोन वेगळी खाती आहेत असं मी मानत नाही. पण उलटही होतं, तेही सांगते. पुढचं लिखाण अर्धवट असताना त्याविषयी लोकांना सांगत सुटलीस, तर सांगून झाल्याचं समाधान मिळतं आणि लिहायची निकड जाते. चालू असलेलं काम झाकून ठेव.

वाचून झालं की प्रश्न येतील, आणि ते ठरलेले असतात. तुम्हाला सुचतं कसं, पुढे काय लिहिताय, आणि तिसरा अवघड: हे खरंच घडलंय का? तुझी कादंबरी घाटावरून मुंबईला आलेल्या घराविषयी असेल तर समोर बसलेले शेजारी, मामा, वडील प्रत्येक पात्रात कुणाला तरी शोधणार. उत्तर आधीच ठरवून जा. ‘माणसं पाहिलेली आहेत, घटना रचलेल्या आहेत’ एवढं पुरतं. खुलासे देत बसू नकोस. आणि कुणाची खरी दुखरी गोष्ट नावानिशी आली असेल, तर ती छापण्याआधी बदल.

जागांची इथे वाण नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. जानेवारीत नौपाड्यात रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला असते. तिथे तू सध्या श्रोता म्हणून जा आणि कोण कधी कंटाळवाणं होतं, का होतं, ते बघ. आचार्य अत्रे कट्टा, ब्रह्मांड कट्टा यांसारखे कट्टे ठाण्यात आहेत आणि कोपरखैरण्याहून ट्रान्स हार्बरने ठाणं काही लांब नाही. पण सुरुवात आणखी जवळून कर. शाळा, वाचनालयं, बँका, सोसायट्या यांना वर्षातून काही ठरावीक दिवशी बोलायला माणूस हवाच असतो: १४ ते २८ जानेवारीचा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलचा पुस्तक दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन. आयत्या वेळी वक्ता शोधत फिरण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. महिनाभर आधी ‘मी पंधरा मिनिटं कथावाचन करीन’ असं एक पानी पत्र नेऊन दिलंस, तर चारांतून एक तरी हो म्हणेल. मानधनाची अपेक्षा ठेवू नकोस. शाल आणि नारळ मिळेल, क्वचित पाकीट. मात्र पुस्तक आल्यावर ‘टेबल लावू द्याल ना?’ हे आधी विचारायचंच.

आणि प्रकाशक सोडून दुसऱ्या वाटाही आहेत. एक-दोन प्रकरणं स्वतंत्र कथा म्हणून उभी राहत असतील तर दिवाळी अंकांकडे पाठव, पण उन्हाळा संपायच्या आत. गणपतीत पाठवलेल्या कथेला बहुतेक ठिकाणी जागा उरलेली नसते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे, तिच्या अर्जांची जाहिरात निघते त्यावर लक्ष ठेव. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार वयाच्या पस्तिशीपर्यंत मिळू शकतो, तेव्हा बाविशीच्या आत पुस्तक आलंच पाहिजे अशी कुणी घाई लावली तर त्याचं ऐकू नकोस. कुणाशीही करार करताना हक्क किती वर्षांसाठी आणि कोणत्या प्रकारांत देतेस ते लिहून घे: छापील, ई-बुक, ऑडिओ, चित्रपट. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, पण छापील मसुद्यात बारीक अक्षरात ‘कायमस्वरूपी’ लिहिलेलं असू शकतं. ऑडिओचा हक्क उगाच सोडू नकोस. स्टोरीटेल हे ऑडिओ पुस्तकांचं ॲप २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हापासून लोकलच्या गर्दीत कानाने मराठी पुस्तक ऐकणारा वाचकही आहे, आणि आवाज घडलेल्या लेखिकेला तिथे वाव आहे.

आता पुन्हा तुमच्याशी, दादा. बी.कॉम. पूर्ण होऊ द्या, त्यात तडजोड नाही. नोकरी करणार नाही या तिच्या हट्टाला माझा पाठिंबा नाही. मराठीत निव्वळ पुस्तकांवर घर चालवणारे लेखक फार थोडे, आणि पहिल्या पुस्तकावर तर कुणीच नाही. पण बँकेची परीक्षा आजच दिली नाही तर गाडी सुटली, असंही नाही. आयबीपीएसच्या क्लार्क परीक्षेला २० ते २८ वय चालतं. पदवीनंतर वर्षभर महापे-रबाळे पट्ट्यात अकाउंट्सची ठरल्या वेळेची नोकरी, सकाळी कामाआधी लिखाण, आणि दोन-तीन महिन्यांतून एक वाचन, असं चालवून बघा. वर्षअखेरीस तिच्याकडे सुधारलेलं हस्तलिखित असेल आणि पुस्तक निघालं की विचारणारी पन्नास-शंभर ओळखीची माणसं असतील. त्या माणसांची नावं आणि फोन तिने वहीत लिहून ठेवावेत. छापखान्याला किती प्रती सांगायच्या, ते त्या वहीवरून ठरेल. डिजिटल छपाईत शंभर प्रतीही काढता येतात, संपल्या की पुन्हा शंभर.

एक काम तुमच्याकडे. घरी पाहुणे आले की ‘वाचून दाखव गं जरा’ असं म्हणू नका. चहाच्या कपांच्या खणखणाटात वाचायला लावलेलं मूल पुढे खऱ्या श्रोत्यांपुढेही अंग चोरतं. पहिल्या वाचनाला मी येऊ का, हे मात्र तिला विचारा. नको म्हणाली तर त्या दिवशी सुट्टी टाकू नका, मार्केटला जा.