सहा फुटी रीफ टँकमध्ये पाणी नीट फिरत नाही, रिटर्न पंप मोठा घ्यावा का?

नका घेऊ.

तुम्ही लिहिलंय की कोरलची (प्रवाळांची) खाऱ्या पाण्याची टाकी सहा फुटी आहे, खडकांच्या मागे घाण साठते, वाळूवर तांबडी साय धरते आणि दुकानदार दुप्पट क्षमतेचा रिटर्न पंप (खालच्या टाकीतलं पाणी वर चढवणारा) घ्या म्हणतोय. हेच मी तीन वर्षांपूर्वी ऐकलं आणि पैसे घालवले, म्हणून जरा लांबण लावतोय.

मी जुळे सोलापुरात राहतो. माझीही टाकी 6 बाय 2 बाय 2 फूट. हिशेबाने 680 लिटर, खडक-वाळू वजा जाता सहाशेच्या आसपास. माझे दाजी एमआयडीसीत मोटर रिवाइंडिंग करतात. बोअरच्या मोटरचा नुसता आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगतात, त्यात मी त्यांना मानतो. गड्ड्याच्या यात्रेला ताई आणि ते घरी आले होते. टाकीसमोर पाच मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "मोटर कमी पडतीय की ओ तुमची. पाणी फिरायचं तर दाब पाहिजे." दुसऱ्याच आठवड्यात तासाला 10,000 लिटरचा पंप संपमध्ये, म्हणजे खालच्या गाळणीच्या टाकीत, बसला.

तो पंप दीड मीटर वर पाणी चढवणार, वाटेत चार एल्बो, पाइप जुनाच. वर निम्मंही पाणी पोचत नव्हतं. तरी ओव्हरफ्लो (वरून संपमध्ये पाणी उतरायची वाट) इतका घोंघावायला लागला की हॉलमध्ये बोलणं ऐकू येईना. संपमधले बारीक बुडबुडे थेट टाकीत यायला लागले. पंपाची उष्णता पाण्यात उतरून तापमान एक डिग्रीने वाढलं. आणि मागचा कोपरा जसाच्या तसा!

एका रात्री दिवे बंद केले, टॉर्च घेऊन बसलो आणि 50 मिलीच्या सिरिंजने ब्राइन श्रिंपचे (माशांच्या खाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवांचे) कण पाण्यात सोडले. समोरच्या काचेजवळचे कण सपकन निघून गेले. खडकामागे गेलेले तीन-चार कण एकदा गोल फिरले आणि खाली बसले. सकाळी सहाला पाहिलं तर तिथेच, फुगून पांढरे पडलेले. त्याच कोपऱ्यात माझा छत्रीच्या आकाराचा टोडस्टूल लेदर कोरल आठ दिवस मिटून होता. हा कोरल मधूनमधून मेणचट कात टाकतो, आणि ती पाण्याच्या माराने सुटून जावी लागते. याची कात टोपीच्या अर्ध्या भागावर ओल्या बटर पेपरसारखी चिकटून राहिली होती. दाजी म्हणाले, गेला हा, काढून टाक. मी सिरिंजने बाजूबाजूने पाणी मारत राहिलो. कातीची एक कड उचलली गेली, मग सगळी पापुद्र्यासारखी निघाली आणि खाली पिवळसर कातडं जिवंत होतं. दोन दिवसांत पॉलिप (कोरलची बारीक फुलांसारखी तोंडं) बाहेर आले.

तेव्हापासून दाजींना मी एकच गोष्ट सांगतोय. पाणी उचलणं वेगळं आणि पाणी हलवणं वेगळं. रिटर्न पंपाचं काम पाणी स्किमरपर्यंत (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्रापर्यंत) नेऊन परत आणायचं, त्याला तासाला टाकीच्या पाचपट पुष्कळ झालं. कोरल जागचा हलत नाही. त्याच्या अंगाला साचलेल्या पाण्याचा पातळ थर चिकटलेला असतो आणि ऑक्सिजन, अन्न, मलमूत्र सगळं त्या थरातूनच ये-जा करतं. प्रवाह लागला की तो थर पातळ होतो. पण एकाच दिशेचा झोत असला तर पुढची बाजू झोडपून निघते आणि मागची उपाशी राहते. समुद्रात लाट येते आणि परतते. आपल्याकडे मागावर धोटा या टोकापासून त्या टोकाला जातो आणि परत येतो ना, तसं पाणी यायला-जायला हवं.

मी आधी मागची खडकांची भिंत मोडली. दोन ढीग केले, मागच्या काचेपासून वीतभर लांब. जुना 3,000 लिटरचा रिटर्न पंप परत लावला. दोन्ही टोकांना 8,000 लिटरचे दोन डीसी वेव्हमेकर (टाकीच्या आतच पाणी ढकलणारे छोटे पंप) बसवले, आळीपाळीने जोर धरतील असे. एक पृष्ठभागाजवळ ठेवला, म्हणजे वरचं पाणी थरथरत राहतं आणि ऑक्सिजन मिळतो. दुसरा जरा खाली. झोत कोरलवर रोखायचा नाही. समोरच्या काचेवर तिरका मारायचा, आपटून पसरला पाहिजे. दोन्ही मिळून तासाला टाकीच्या पंचवीसपटीच्या वर होतं. तांबडी साय महिन्याभरात गेली.

मे महिन्यात इथे पारा 43-44 ला जातो. आपली हवा कोरडी, त्यामुळे पाण्यावर पंखा सोडला की तापमान चांगलं उतरतं, पण रोज दहा-बारा लिटर उडून जातं. ते आरओच्या गोड्या पाण्यानेच भरायचं, मीठ उडत नाही. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात हे शेजाऱ्यांना खटकतं. आरओचं वाया जाणारं पाणी मी एक थेंबही सोडत नाही, फरशी आणि संडासाला तेच वापरतो. मोठ्या पंपाचे पैसे बॅटरीत घाला. कोमट पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी असतो, त्यात वीज गेली आणि पाणी थांबलं की मासे आधी जातात. माझा एक वेव्हमेकर बॅटरीवर चालतो. ते वायरिंग दाजींनीच करून दिलंय आणि चोख केलंय.

हे सगळं माझ्या सॉफ्ट कोरलच्या टाकीचं. मशरूम कोरलला इतका जोर सोसत नाही, त्यांना खाली आडोशाला ठेवा. बारीक वाळू असेल तर वेग हळूहळू वाढवा. पंप दोन-तीन महिन्यांनी व्हिनेगरमध्ये भिजवून घासा, चुन्याचा थर बसला की जोर निम्मा होतो. आणि हार्ड कोरल (दगडासारखा सांगाडा असलेले) कोणी देऊ केले तर हात लावू नका, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार त्यांना संरक्षण आहे.

पंपाची ऑर्डर थांबवा. आधी मागच्या काचेपासून खडक किती इंचांवर आहेत ते मोजून इथे लिहा.