विकेंद्रित, वितरित आणि ‘केंद्र’

धरमपेठेतील एका वाचकांनी विचारले आहे की, ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर प्रती असलेल्या सामायिक नोंदवहीवर, उभ्या राहणाऱ्या इंटरनेटला ‘वितरित’ म्हणावे की ‘विकेंद्रित’. नागपुरातील व्याख्यानांतून हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि ते मला खटकते. एखाद्या कंपनीने आपली माहिती अनेक शहरांतील संगणकांवर ठेवली, तर ती वितरित झाली. परंतु ती बदलण्याचा वा पुसण्याचा अधिकार त्याच कंपनीकडे राहिला, तर विकेंद्रित काहीच झाले नाही.

ब्लॉकचेनमध्ये नोंदींच्या प्रत्येक गठ्ठ्यात आधीच्या गठ्ठ्याचा ‘हॅश’, म्हणजे त्याच्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण, असते. त्यामुळे जुनी नोंद बदलली की पुढच्या खुणा जुळेनाशा होतात, आणि प्रती असंख्य संगणकांवर असल्याने ती लबाडी लपत नाही. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये ही रचना बिटकॉइन या डिजिटल चलनासाठी मांडली गेली. इथेरियम हे ब्लॉकचेनचे दुसरे जाळे २०१५ मध्ये सुरू झाले, आणि त्याच्या संस्थापकांपैकी गॅव्हिन वुड यांनी २०१४ मध्येच ब्लॉकचेनवरच्या अशा इंटरनेटला ‘वेब-३’ म्हटले होते.

खरी गंमत मात्र ‘केंद्र’ या शब्दात आहे. तो ग्रीक ‘केन्त्रॉन’वरून आला. केन्त्रॉन म्हणजे टोचणारे टोक: बैल हाकण्याच्या पराणीची आर, आणि पुढे वर्तुळ काढताना कंपासचे जे टोक कागदात रुतते ते. काही जाणकार ‘केंद्र’ अस्सल संस्कृत असल्याचे आग्रहाने सांगतात. त्यांनी वराहमिहिराचा ‘बृहज्जातक’ हा ज्योतिषग्रंथ उघडून या शब्दाचे सोबती पाहावेत. पणफर, आपोक्लिम, जामित्र, होरा हे ज्योतिषातले शब्द सारे मूळचे ग्रीकच आहेत, आणि त्यांच्या पंक्तीत बसलेला एकटा ‘केंद्र’ तेवढा देशी ठरवणे हा हट्ट झाला. शिवाय जन्मपत्रिकेत केंद्रे चार असतात: पहिले, चौथे, सातवे आणि दहावे स्थान. देशाचा मध्य मानल्या जाणाऱ्या झिरो माइलच्या स्तंभाकडे पाहत वाढलेल्या नागपूरकराला केंद्र एकच असणार असे वाटते, पण आपल्या परंपरेत या शब्दाने एकाहून अधिक जागा सहज दाखवल्या आहेत.

म्हणूनच ‘केंद्रहीन इंटरनेट’ हा अलीकडे सुचवला जाणारा पर्याय मला साफ अमान्य आहे. बिटकॉइनच्या नोंदी पक्क्या करणाऱ्या संगणकांच्या शक्तीचा मोठा भाग मोजक्या गटांत एकवटलेला असतो, आणि ‘वेब-३’च्या कित्येक सेवांचे दर्शनी पान आजही साध्या सर्व्हरवरूनच येते, तिथे केंद्र नाही असे म्हणणे खोटे आहे. ‘बहुकेंद्री’ हा शब्द मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. तो रुळेपर्यंत ‘विकेंद्रित’ म्हणावे, मात्र ते विशेषण सेवांना लावावे, कारण मुळातले इंटरनेट एका मालकाचे कधीच नव्हते. मक्तेदारी आली ती त्यावर उभ्या राहिलेल्या कंपन्यांची.